ओल्या गोधडीचं मिनिट

“मग चुकीचं आहे ते चुकीचंच ठेवायचं?” इंद्रजितनं विचारलं.

मास्तर बोलला नाही. नदीच्या पात्रात मधोमध एक काळा, सपाट दगड आहे. त्यावर बसून त्यानं पाय पाण्यात सोडले होते. पाणी घोट्याएवढं.

“मी काय विचारतोय?”

“ऐकलं मी.”

“मग?”

“मग काय… ऐकलं.”

आपल्याकडे म्हातारं माणूस असं गप्प बसलं की लोक त्याला ज्ञान म्हणतात. बहुतेक वेळा उत्तर सुचत नसतं, एवढंच.

हा मास्तर कधी शाळेत शिकवायला गेला नाही. तरुणपणी त्यानं एक भाषा केली. माणसांनी बोलायची नाही, यंत्रांना हुकूम द्यायची. नाव ठेवलं ‘पाट’. उघड, मिट, भोंगा, थांब… असले साधे शब्द. त्या शब्दांत लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा कंपायलर त्यानंच लिहिला. शब्दांमागची कामं करणारी लायब्ररीही त्यानंच. वरच्या बंधाऱ्याची दारं, पाणी योजनेचे पंप, कालव्याच्या झडपा अजून त्यावरच चालतात.

त्यात आता नवीन कुणी काही लिहीत नाही. चालवतात मात्र सगळे.

इंद्रजित चौगुलेनं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. तिथले सर आपल्याच जुन्या नोट्स फळ्यावर उतरवायचे, आणि हे त्यानं भर वर्गात त्यांच्या तोंडावर सांगितलं. वडील तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. मास्तरकडे तो आला, कारण कंपायलर लिहिलेला दुसरा माणूस त्याला माहीत नव्हता. मास्तरच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला तेव्हा मास्तरनं सगळं त्याच्या हवाली केलं.

हवाली केलं म्हणजे ढिगारा दिला. आणि सांगितलं, बघ.

इंद्रजितनं बघितलं. वर्षभर बघितलं. कंपायलर मुळापासून नव्यानं लिहिला, लायब्ररी साफ केली. आज ते सांगायला तो पात्रात उतरला होता. मास्तर पाठ थोपटेल असं त्याला वाटलं होतं. वाटणारच की.

“जुने प्रोग्राम चालतात?” मास्तरनं विचारलं.

“सगळे. एकातलीही ओळ बदलावी लागली नाही. एकेक नव्या कंपायलरमधून काढला. कुणी कुरकुर केली नाही.”

“चालतात म्हणजे?”

“म्हणजे चालतात! अजून काय?”

“काल करत होते तेच करतात?”

“कालच्यापेक्षा बरं करतात. लिहिलंय तसं वागतात आता.”

मास्तरनं पाण्यातला एक पाय वर घेतला. परत सोडला.

“‘थांब’ला हात लावलास?”

“लावणारच! मास्तर, तुमचं मिनिट जवळजवळ दोन मिनिटांचं होतं. ‘थांब दहा’ लिहिलं की दहा मिनिटं थांबावं ना? तुमचं ते ध्यान विसाव्याला उठायचं.”

“माहितेय.”

“माहितेय?”

“पहिलं मशीन मंद होतं. त्यात घड्याळ नव्हतं. मी त्याला आकडे मोजायला लावायचो. एवढे मोजून झाले की मिनिट झालं. हिशोब चुकला माझा… मिनिट लांब झालं.”

“आणि नवीन मशीन आलं तेव्हा?”

“त्यात घड्याळ होतं. मिनिट बरोबर झालं.”

हे इंद्रजितला नवीन होतं.

“मग परत चुकलं कसं?”

“मी चुकवलं.”

“…म्हणजे?”

“होतं तेवढं परत लांब केलं. हातानं.”

“का पण?”

मास्तरनं मान वळवून खाली बघितलं. त्याला आता लांबचं फारसं दिसत नाही. आवाजाच्या दिशेनं बघितलं, इतकंच.

खाली बायका गोधड्या धूत होत्या. घट बसायच्या आधी घरातली एकूण एक गोधडी नदीवर आणायची, ही तिथली रीत. आख्खं गाव लोटलेलं. धोपटण्यांचे आवाज, आणि दगडादगडावर रंगीत चौकोन वाळत घातलेले. त्या गर्दीत इंद्रजितची आईसुद्धा होती.

“ओली गोधडी उचलून बघितलीयस कधी?” मास्तरनं विचारलं.

“विषय बदलू नका.”

“नाही बदलत.”

“मी मिनिटाबद्दल विचारतोय, तुम्ही गोधडी काढताय. हे असलं तुमच्या वयाच्या माणसांना बरं जमतं.”

मास्तर हसला नाही. रागावलाही नाही.

“नवा ‘थांब’ नव्या नावानं ठेवायचास,” तो म्हणाला. “खरं मिनिट पाहिजे त्यानं नवा वापरावा. जुना होता तिथं राहू द्यायचास.”

“दोन-दोन ‘थांब’? एक खरा आणि एक मास्तरांचा? उद्या तिसरा येईल, तो तिसरा करेल. भाषा म्हणजे काय माळा आहे का, मोडकं सामान टाकायला?”

“माळाच असतो.”

“मग निदान कारण लिहायचं! कोडमध्ये एक ओळ. एक! हे मिनिट मुद्दाम लांब ठेवलंय, अमुक म्हणून. मी काय स्वप्नात बघायचं?”

“लिहिलं नाही.”

“का?”

“मीच बघणार होतो की…”

ही एक पिढी आहे. सगळं डोक्यात. मागं राहिलेल्यानं हात लावला की म्हणणार, विचारायचं तरी होतंस. विचारायचं काय? विचारायला तिथं काहीतरी आहे, हे तर कळायला पाहिजे.

“चढवलंस कुठं?” मास्तरनं विचारलं.

“काय?”

“नवीन. अजून तुझ्याकडेच आहे ना?”

“बंधाऱ्यावर चढवलं. आज सकाळी. ढवळे ऑपरेटर होते, त्यांच्यासमोर.”

मास्तरनं दोन्ही पाय पाण्यातून बाहेर घेतले.

एवढंच केलं त्यानं. पण वर्षभरात इंद्रजितनं त्याला बोलणं अर्धवट ठेवून पाय बाहेर घेताना बघितलं नव्हतं.

“काय झालं?”

“वर पाऊस आहे?”

इंद्रजितनं वर बघितलं. इथं ऊन होतं. बंधाऱ्यामागच्या डोंगरावर मात्र काळं झालं होतं. सकाळपासून झालं असणार. त्यानं बघितलं नव्हतं.

“आहे… थोडा.”

“ढवळेला फोन लाव.”

“भोंगा आहे की, मास्तर. भोंगा काही मी काढलेला नाही.”

“फोन लाव.”

बंधाऱ्यावरचा प्रोग्राम साधा होता. पाणी खुणेला टेकलं की भोंगा. मग ‘थांब दहा’. मग ‘उघड’. माणसानं काही करायचं नाही. चालू झालेलं थांबवायचं असलं तर तेवढं ऑपरेटरला जमायचं.

फोन लागला. रिंग जात राहिली. कुणी उचलला नाही.

“जेवायला गेले असतील,” इंद्रजित म्हणाला. “भोंगा झाला की लोक वर जातील. त्यासाठीच तर आहे तो. दहा मिनिटं कमी आहेत का?”

“बघ तिकडं,” मास्तर म्हणाला.

“काय बघू?”

“बघत राहा.”

इंद्रजितनं परत फोन लावला. रिंग.

आणि भोंगा झाला.

लांब, गायीच्या हंबरण्यासारखा. पात्रात खालपर्यंत घुमला.

कुणी पळालं नाही. एकीनंसुद्धा वर बघितलं नाही. फक्त धोपटणं थांबलं. मग एक हाक आली, “चला गं, झाला भोंगा. पिळायला घ्या.”

बायका दोघी-दोघी झाल्या. एकीनं गोधडीचं एक टोक धरलं, दुसरीनं दुसरं. उलट-सुलट पीळ द्यायला लागल्या. काळं पाणी दगडावर सांडायला लागलं. हसणं चालू. कुणाच्या तरी सुनेचा विषय चालू.

इंद्रजित बघत राहिला.

भोंगा त्यांच्यासाठी पळायचा नव्हताच. भोंगा पिळायचा होता.

किती वर्षं हे असं चाललं होतं कुणास ठाऊक. भोंगा झाला की पिळायचं, एकीवर एक रचायचं, डोक्यावर घ्यायचं, बोलत बोलत घाट चढायचा. पाणी नंतर यायचं. कायम नंतर यायचं. कारण मास्तरचं मिनिट लांब होतं. त्या जास्तीच्या दहा मिनिटांत गोधड्या मावत होत्या.

आज मिनिट खरं होतं.

इंद्रजित बायकांकडे पळाला. शेवाळ्यावरून घसरला, गुडघा फुटला, परत पळाला.

“वर चला! सगळ्या वर चला! पाणी येतंय!”

“येतंय की,” सुलाक्का म्हणाली. तिच्या हातात भल्यामोठ्या गोधडीचं टोक होतं. दुसरं टोक इंद्रजितच्या आईच्या हातात. “भोंगा आमी बी ऐकला न्हवं.”

“लवकर येणार आहे! आज लवकर येणार!”

“कुणी सांगितलं?”

“मी सांगतोय! मशीन बदललंय!”

“मशीन बदललं म्हणून नदी बदलती व्हय रं?”

बायका हसल्या. खरंच हसल्या.

“आई, सोड ते! चल!”

“आले रे, एवढी पिळते. हिला ओली ठेवली तर वास मारेल.”

“मरशील!”

“असं बोलतात का भरल्या दिवसाचं?”

“हेचं कायम घाईचंच,” सुलाक्का आईला म्हणाली. “कॉलेजातनं बी असाच पळाला.”

त्यानं सुलाक्काच्या हातातून गोधडी ओढली. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. दगड बांधल्यासारखी जड, नुसतं पाणी भरलेलं आत. त्याच्या बोटांतून सुटली आणि थपकन खाली बसली.

“आता? मातीत घातली का न्हाई!” सुलाक्का ओरडली. “आता परत खळबळायला आली.”

“पाणी येतंय, सुलाक्का! पाया पडतो!”

“आरं बाबा, मास्तर बसलेत की अजून! त्यांच्या आधी तुला कळतंय व्हय?”

इंद्रजितनं मागं बघितलं.

हेही होतं. मास्तर रोज दुपारी त्या दगडावर बसायचा. भोंगा झाला तरी उठायचा नाही. पिळून झालं की शेवटची बाई त्याला हाक मारायची, मास्तर, चला. मग तो आरामात चप्पल शोधायचा, काठी घ्यायचा, बायकांच्या मागून घाट चढायचा. बायका भोंग्यापेक्षा त्याच्यावर जास्त विसंबून होत्या. मास्तर बसलाय तोवर वेळ आहे.

आत्ताही तो बसला होता. खाली वाकून, पायानं चप्पल चाचपत होता. सवय.

“मास्तर!” इंद्रजित गळा फाडून ओरडला. “उठा! तुम्ही बसलाय म्हणून या थांबल्यात!”

मास्तरचा पाय थांबला.

तो उठला. चप्पल सोडली. काठीही सोडली.

आणि पळाला.

कधी न पळालेलं म्हातारं माणूस पळताना बघायला चांगलं दिसत नाही. हात कुठंही जात होते. लुंगी सुटायला आली होती. त्याला पुढचे दगड दिसत नव्हते, तो त्यांच्यावर आदळत येत होता. एकदा हातांवर पडला, तसाच उठला. तोंडातून नुसता आवाज निघत होता… शब्द नव्हताच.

बायकांचं हसणं बंद झालं.

सुलाक्कानं आधी त्याच्याकडे बघितलं. मग वरच्या अंगाला बघितलं. मग गोधडीकडे.

“अगं आई गं,” ती म्हणाली. आणि सोडून दिली.

मग सगळ्याच पळाल्या. बादल्या, धोपटण्या, साबणाच्या वड्या, सगळं टाकून. इंद्रजितनं आईचा दंड धरला, दुसऱ्या हातानं मास्तरची बंडी. घाटाच्या पायऱ्यांवर कुणी कुणाला ढकललं, कुणी कुणाला ओढलं, काही कळलं नाही.

ते अर्ध्या पायऱ्या चढले असतील, तेव्हा आवाज आला.

आधी आवाज, मग वारा, मग पाणी. गढूळ, काटक्या घेऊन आलेलं. मास्तरचा दगड होता आणि क्षणात नव्हता. वाळत घातलेले रंगीत चौकोन एकेक करून उठले, थोडा वेळ पाण्यावर पसरून राहिले, गेले.



बायकांनी एकमेकींना बघून घेतलं. हिची सून आहे, तिची पोरगी आहे, म्हातारी आहे… आहेत. सगळ्या आहेत.

सुलाक्का पायरीवर उभी राहून पाण्याकडे बघत होती.

“माझ्या आईच्या लुगड्यांची हुती गोधडी,” ती म्हणाली.

मग इंद्रजितकडे वळली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“भोंगा खोटा झाला व्हय रं आता?”

भोंगा खरा होता. मिनिट खरं होतं. सगळं पहिल्यांदाच खरं झालं होतं.

आईनं त्याच्या गुडघ्याचं रक्त बघितलं, पदर ओला होता तो त्यावर दाबला.

मास्तर सगळ्यात वरच्या पायरीवर बसला होता. अनवाणी. अंगठ्याचं नख निघालं होतं. धाप अजून थांबली नव्हती.

इंद्रजित त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“एक ओळ लिहिली असती तर…”

“हो.”

“हो काय? माझी आई होती तिथं!”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं. एकट्या तुम्हालाच माहीत होतं. आणि तुम्ही मला म्हणता, गोधडी उचलून बघितलीयस का! सरळ सांगता येत नाही? कोड्यात बोललं की मोठं वाटतं का?”

मास्तरनं मान खाली घातली.

“सांगायला पाहिजे होतं,” तो म्हणाला.

“आणि लिहायला!”

“लिहायला पण… सांग, काय लिहू?”

इंद्रजितनं वळून बघितलं. खाली पाणी घाटाच्या पायऱ्यांना थडकत होतं.

“लिहा…” तो म्हणाला. “हे मिनिट लांब आहे. कमी करू नये. ओली गोधडी पिळायला दोघी लागतात, आणि वेळ लागतो.”

मास्तरनं मान हलवली.

“तूच लिही. माझ्यापेक्षा बरं लिहिशील.”

“लिहितो. आणि आत्ता बंधाऱ्यावर जातो.” तो भराभर बोलायला लागला, थांबलं की काहीतरी होईल असं त्याला वाटत होतं. “जुना ‘थांब’ परत चढवतो. अक्षरही न बदलता. माझा दुसऱ्या नावानं ठेवतो, पाहिजे त्यानं वापरावा. अंधार पडायच्या आत सगळं होतं तसं होईल. पुढचा भोंगा पहिल्यासारखा. कुणाला काही कळणार पण नाही, मास्तर. होतं तसं होईल सगळं.”

मास्तर ऐकत होता.

खालच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. पाण्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्या वर बघत होत्या, मास्तरकडे. त्याच्या अनवाणी पायांकडे.

मास्तरला त्यांचे चेहरे दिसत नव्हते. तरी त्यानं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

“‘थांब’ परत चढवशील…” तो म्हणाला.

“आत्ताच.”

“चढव.”

“मग झालं ना?”

“मी पळालो… ते यांच्या डोळ्यांतून कसं काढशील?”